बाईसाहेब जेवत नाहीत

माझ्या फ्रीजला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. तो मीच केला, मीच सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला, आणि शेवटी त्याच कायद्याने मला उंदरांची स्वैपाकीण करून ठेवलं.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. लेक गल्ल्यावर बसते. तिच्याशिवाय दुकानाचं पान हलत नाही असं तिला वाटतं आणि मीही तिला तसं वाटू देते. त्यामुळे लग्न झाल्यावर ती कुठे जायच्या ऐवजी जावईच आमच्याकडे राहायला आले. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. बोलणं इतकं हळू, की समोरच्याला वाटावं आपले कानच तपासायला झालेत. येताना सामान काय आणलं? दोन बॅगा, एक उशी आणि एक काचेची पेटी. पेटीत साप.

"आई, ही अजगराच्या जातीची आहे. पण एवढीच राहते. चावत नाही," जावई म्हणाले.

"मग करते काय?"

"तशी काहीच करत नाही."

"काहीच न करणारं एक माणूस आज आलंच आहे घरात," हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण नवा जावई, म्हणून गिळलं. पुढच्या आठवड्यात बोलून टाकलं. मनात साठवून ठेवायची मला सवय नाही, पोट बिघडतं.

मनगटाएवढी जाड, तपकिरी अंगावर मधाच्या रंगाचे ठिपके, आणि दिवसभर स्वतःच्या अंगाचं मुटकुळं करून पडलेली. तिच्यासाठी वेगळा दिवा, वेगळी ऊब, पाण्याचं वेगळं भांडं. सगळ्यांनी हिच्या तैनातीला राहायचं आणि हिने डोळ्याची पापणीसुद्धा हलवायची नाही. नंतर कळलं, तिला पापणीच नसते. मी तिला 'बाईसाहेब' म्हणायला लागले. टोमणा म्हणून. या घरात बाईसाहेब एकच आहे आणि ती कोण हे सगळ्यांना माहीत आहे. पण नाव चिकटलं ते तिलाच.

"हिला कशाला बाळगलीत?" मी एकदा विचारलं.

जावयांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचो ना. घरी परत आल्यावर कोणीतरी असायचं."

"म्हणजे वाट बघायची तुमची?"

"वाट नाही बघत ती. पण असते."

मी धूळ नसताना पदराने पेटीची काच पुसून घेतली. ते वाक्य मात्र लक्षात राहिलं.

मग निघाला जेवणाचा विषय. बाईसाहेब उंदीर खातात. मेलेले, बर्फात गोठवलेले, पाकिटातून येतात. जावयांनी फार अदबीने विचारलं, फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एका कोपऱ्यात डबा ठेवू का. लेक त्यांच्यामागे उभी राहून मला डोळ्यांनी विनवत होती. मी म्हटलं, ठेवा. घट्ट झाकणाचा डबा, माझ्या कशालाही न लागता. पण तो डबा उघडणार मी.

"तुम्हाला कशाला त्रास, आई?"

"माझ्या फ्रीजचा त्रास मलाच होऊ द्या."

बघा. तोंडाने नको ते बोलून बसले. त्या दिवसापासून उंदीर काढणं, बर्फातून सुटा करणं, कोमट करणं हे काम माझं. चिमट्यात धरून बाईसाहेबांसमोर नाचवणं, तेवढं जावयांचं.

त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. आदल्या संध्याकाळी उंदीर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, म्हणजे आतपर्यंत बर्फ सुटतो. दुसऱ्या दिवशी पिशवीसकटच गरम पाण्यात बुडवायचा. उकळतं पाणी नको. अंगाला जिवंतासारखी ऊब आली की झालं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, जन्म गेला माझा गरम पाण्यात हात घालून, आणि हा माणूस मला कोमट म्हणजे काय ते शिकवतोय! म्हणून पहिल्या वेळी मी माझ्या अकलेने उकळतं पाणी ओतलं. उंदराचं पोट फुटलं. पिशवीत जे काही झालं त्याचं वर्णन मी करणार नाही, जेवायच्या वेळेला कोणी वाचत असेल.

"शिजला बहुतेक," जावई पिशवीकडे बघून म्हणाले. "शिजलेलं ती खात नाही, आई."

"नखरे," मी म्हटलं.

पण दुसऱ्या वेळेपासून मी मनगटावर थेंब टाकून पाणी बघायला लागले, लहान बाळाचं दूध बघतात तसं. आणि एकदा काम अंगावर घेतलं की मी ते जगापेक्षा चांगलं करते, हा माझा रोग आहे. गोठलेला उंदीर सुटा झाला की कसा दिसतो ठाऊक आहे? केस चिकटलेले, ओलेगिच्च, अंगाला एक कुबट वास. अशी वस्तू माझ्या हातून कोणाच्या पुढे जायची? कोणी म्हणेल, लाँड्रीवाल्या बाईच्या घरचा उंदीर आणि असा?

म्हणून मी तो धुवायला लागले.

दुकानात लोकरीच्या कपड्यांचा एक साबण आहे, लिंबाच्या वासाचा. हात मऊ ठेवतो, कापडाला ओढत नाही. त्यात उंदीर घालायचा, अंगठ्याने हलकेच चोळायचा, दोन पाण्यांतून काढायचा. टॉवेलने टिपायचा. जुन्या दातांच्या ब्रशाने केस उलटे फिरवून फुलवायचे. मग नव्या पिशवीत घालून कोमट पाण्यात. बाहेर निघाला की असा गुबगुबीत पांढराशुभ्र, की वाटावं कोणा बाळाचा मोजा आहे. बशीत ठेवून मी जावयांकडे द्यायची तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची.

धुते, हे मी कोणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही. भांडी घासल्यावर कोणी सांगत सुटतं का, की मी भांडी घासली म्हणून? आणि वास म्हणाल, तर आमच्या घरात सगळ्यालाच साबणाचा वास. उशीला, पडद्याला, लेकीच्या केसांना. आमची नाकं त्याला केव्हाच सरावली. जावयांचंही नाक पंधरा-वीस दिवसांत बाद झालं.

बाईसाहेबांनी तोंड लावलं नाही.

जावई चिमट्याने उंदीर हलवायचे. ती मुटकुळ्यातून डोकं काढायची, हळूहळू पुढे यायची, जीभ लवलवायची. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे. मग ती अगदी जवळ येऊन थांबायची, आणि मागे. डोकं परत अंगाखाली. थेट माझी नणंद. तीही असंच करायची, ताटाजवळ येऊन, बघून, "मला भूक नाही" म्हणायची.

उरलेला उंदीर परत बर्फात ठेवता येत नाही, टाकावाच लागतो. मी गुलाबाच्या कुंडीत पुरत गेले. गुलाब मात्र असा फुलला की शेजारणी येऊन विचारायला लागल्या, काय घालता.

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. सुरुवातीला जावई म्हणाले, जागा बदलली की या जातीचे साप रुसतात, होईल सवय. त्यांनी दिवा सरकवला. पेटीवर चादर टाकून अंधार केला. लपायला एक मडकं आडवं ठेवलं. बाईसाहेब मडक्यात राहायला गेल्या, पण उपाशीच. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं, आजार नाही म्हणाल्या, पण आता खायला हवं, अजून लांबलं तर जिवावर बेतेल.

खाली इस्त्रीवालीला तर विषयच मिळाला. ती बाई कापडाची घडी घालता घालता माणसाचीही घालते.

"काय मालकीणबाई, पाहुणी जेवली का?"

"नाही."

"अगंबाई! तुमच्या हातचं नको म्हणते? आम्ही तर घाबरून दोनदा घेतो."

"तू इस्त्री बघ. कॉलर जाळशील."

"नाही, मी आपलं म्हटलं. तुम्ही एकदा रागावून बघा तिला. आम्ही सगळे तसेच जेवतो."

हसत होती मेली. पण तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. माझ्या घरातून कोणी उपाशी उठून गेलेलं नाही. भांडायला आलेली माणसंसुद्धा जेवून गेली आहेत, आणि जेवल्यावर परत भांडली आहेत. आणि ही एक, जिला हात नाही पाय नाही, तिने मला नाकारावं?

मग मी जावयांना विचारलं, "ती एवढी जवळ येऊन बघते काय?"

"बघत नाही, आई. वास घेते. जिभेने. तिचं सगळं वासावरच चालतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वासावर! मग बरोबर आहे की. कितीही धुतला तरी उंदीर तो, आतून वास येतच असणार. घाणेरड्या वासाचं कोण खाईल? मी नसतं खाल्लं.

त्या दिवसापासून मी साबण दुप्पट केला आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं ते निळं औषध टाकायला लागले, फुलांच्या वासाचं. लोक आमच्या दुकानात त्या औषधासाठीच ब्लँकेटं घेऊन येतात. उंदीर असा काही घमघमायचा, की मलाच क्षणभर माया यायची. आणि बाईसाहेब आता पुढे यायच्याही बंद झाल्या. मडक्याच्या तोंडाशी आल्या, एकदा जीभ बाहेर काढली की मागे.

एका दुपारी मी जिन्यातून ब्लँकेटांचा गठ्ठा घेऊन वर येत होते, तर आतून दोघांचं बोलणं कानावर आलं. मी काही चोरून ऐकणारी नाही. गठ्ठा जड होता म्हणून थांबले.

"शनिवारी शेवटचं बघू," जावई म्हणत होते. "नाही खाल्लं तर रविवारी मित्राकडे देऊन येतो. त्याच्याकडे पाच-सहा साप आहेत. तिथे खाईल."

"आणि परत कधी आणायची?" लेकीने विचारलं.

"आणायची कशाला? तिला हे घर मानवत नाही गं. माझ्यासाठी तिला उपाशी मारू का?"

जावयांचं नाक ओढल्याचा आवाज आला. आधीच हळू बोलणारा माणूस, रडतो तेही कोणाला ऐकू जाऊ नये असं.

हे घर मानवत नाही! मी गठ्ठा तसाच जिन्यात ठेवून खाली गेले आणि उगाचच इस्त्रीवालीवर ओरडले. तिने काही केलं नव्हतं. तिलाही ते माहीत होतं, म्हणून ती उलट बोलली नाही, आणि त्याचा मला जास्तच राग आला. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. साप घरातून जावा म्हणून पहिल्या दिवशी मीच नाक मुरडलं होतं. पण जाणं वेगळं आणि माझ्या घरी भूक मेली म्हणून जाणं वेगळं. आणि ते "वाट नाही बघत, पण असते" माझ्या कानातून जाईना.

शुक्रवारी संध्याकाळी मी डब्यातला सगळ्यात चांगला उंदीर निवडला आणि खालच्या कप्प्यात ठेवला. शनिवारी त्याला असं धुणार होते, की नवरदेवानेही लाजावं.

शनिवारी सकाळी नळ उघडला तर फुस्स. रस्त्यात खोदकाम करणाऱ्यांनी पाण्याची मोठी पाइपलाइनच फोडली होती. खाली रस्त्याची नदी झालेली आणि आमच्या नळाला थेंब नाही. लाँड्रीत पाणी नाही म्हणजे काय, ते मी काय सांगू! मशीनं बंद, इस्त्रीवालीला घरी पाठवली, लेकीने शटर अर्धं ओढलं. घरात एवढी शांतता की भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे मला त्या दिवशी कळलं. प्यायचं पाणी होतं तेवढं होतं, आणि थर्मासमध्ये सकाळच्या चहाचं उरलेलं गरम पाणी.

मी थर्मासकडे बघितलं, उंदराकडे बघितलं. एवढ्या पाण्यात धुणं आणि ऊब देणं दोन्ही होणं शक्य नव्हतं. जावई पेटीजवळ येऊन बसले होते, हातात चिमटा घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तसे. मी ऊब निवडली. पाणी वाटीत ओतलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, पिशवी बुडवली. मग उंदीर बाहेर काढला. केस चिकटलेले. कुबट वास. मी तो तसाच बशीत ठेवला आणि बशी पदराखाली धरून नेली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणापुढे काही झाकून घेऊन गेले.

"माफ करा हो," मी पेटीकडे बघून म्हटलं. "आज पाणी नाही."

"कोणाला म्हणताय, आई?" लेकीने विचारलं.

"कोणाला नाही. द्या त्यांना."

जावयांनी चिमट्याने उंदीर उचलला आणि मडक्यासमोर धरला. बाईसाहेबांचं डोकं बाहेर आलं. जीभ एकदा बाहेर, परत एकदा बाहेर. मग धागा ताणावा तसं त्यांनी अंग ताणलं. जावयांनी चिमटा किंचित हलवला, आणि खाड! मला काही दिसलंच नाही. चिमटा रिकामा, आणि बाईसाहेब उंदराभोवती वेटोळं घालून बसलेल्या, ओल्या चादरीला पीळ घालतात तसं. मी एवढी मोठ्याने ओरडले, की लेक माझ्या अंगावर येऊन पडली.

"श्शू!" जावई म्हणाले. मला श्शू करणारा माणूस अजून जन्मायचा आहे असं मी समजत होते. मी गप्प बसले.

बाईसाहेबांनी उंदीर सावकाश गिळला. जबडा इकडून उचल, तिकडून उचल, कोणी घट्ट उशीचा अभ्रा चढवावा तसा. शेवटी एक शेपटी बाहेर राहिली, मग तीही गेली. जावयांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला नाही.

आणि मी? मी तिथे उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून लोकरीचा साबण, निळं औषध, दातांचा ब्रश अशी वरात चालली होती. वासावर चालतं तिचं, असं त्या माणसाने मला सरळ मराठीत सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि वास धुऊन काढला. माझ्या दुकानाच्या पाटीवर तेच लिहिलेलं आहे, कोणताही वास घालवून मिळेल. त्या बिचारीसमोर मी एवढे दिवस गोड वासाचे मोजे धरत होते आणि वर तिलाच नखरेल म्हणत होते.

बरं, गप्प बसले असते तरी चाललं असतं, असं वाटलं मला. पुढच्या वेळेपासून धुवायचा नाही, झालं. कोणाला कळणार होतं? हाताचा गुण म्हणून मिरवलंही असतं. तोंड उघडलंच होतं तेवढ्यासाठी.

पण जावईच आधी बोलले. "आता कळलं मला."

मी रिकामी बशी पदराखाली सरकवली. "काय कळलं?"

"आज मशीनं बंद आहेत. खालून धडधड येत नाही. सापांना जमिनीतली धडधड कळते, आई. म्हणून ती खात नव्हती." ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "म्हणजे दुकान चालू असलं की ती खाणार नाही. आणि दुकान काय तिच्यासाठी बंद ठेवायचं? नाही. पचलं की देऊन येतो मित्राकडे. पोटभर जेवून गेली, एवढं तरी झालं."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताने काही मदत केली नाही.

मला सांगा, आता काय करायचं होतं मी? साप जेवला आणि तरी निघाला. तोही माझ्या मशीनांवर आळ घालून. माझी मशीनं! त्यांचा आवाज ऐकत माझी लेक पाळण्यात झोपली आहे.

"कुठे न्यायची नाही तिला," मी म्हटलं. "आणि यापुढे उंदीर धुवायचे नाहीत."

जावयांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात काही चुकलं. "उंदीर कोण धुतं, आई?"

"ते सोडा. यापुढे धुवायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

"पण मी तर कधीच..."

"मग चांगलं आहे. तसंच चालू द्या."

खोलीत घड्याळ टिकटिकत होतं. लेक वळली, स्वैपाकघरात गेली, आणि तिथून कप्पे उघडल्याचा आवाज आला. मग ती परत आली. एका हातात जुना दातांचा ब्रश, पांढरे केस अडकलेला. दुसऱ्या हातात निळी बाटली.

"आई," ती म्हणाली, "हेसुद्धा?"

"शेवटच्या पाण्यात. थोडंसंच."

ती जी खाली बसली ती पोट धरून. लहानपणी हसायची तशी, आवाज न फुटता, नुसती हलत. मी जावयांकडे बघायचं टाळत होते. पण बघावं लागलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, कान लाल झालेले. सज्जन माणूस. हसू कसं गिळलं त्यांनी, त्यांचं त्यांना ठाऊक. बाईसाहेबांना उंदीरही एवढा जड गेला नसेल.

"बरं, आई," ते म्हणाले. "यापुढे आपण धुवायचे नाहीत."

'आपण' म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी त्यांचं ते काहीच न करणं जन्मभरासाठी माफ केलं. त्यांना सांगितलं मात्र नाही, डोक्यावर बसतील.

पुढच्या जेवणाची पाळी आली तेव्हा दुकान जोरात चालू होतं. खाली तिन्ही मशीनं धडधडत होती, पेटीची काच बारीक थरथरत होती. इस्त्रीवाली वर बघायला आली होती. लेकीने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती आणि पदर तोंडात कोंबून उभी होती. मी बशी घेऊन आले. केस चिकटलेले, वास तो तसाच. माझे हात नुसते शिवशिवत होते.

जावयांनी चिमटा पुढे केला आणि बशीकडे वाकून बघितलं.

"धुतलेला नाही," मी म्हटलं. "नुसता पुसलाय."

"आई."

"कोरड्या फडक्याने हो! शेपटीच तेवढी."

मडक्याच्या तोंडाशी बाईसाहेब आल्या होत्या. जीभ लवलवली. आम्ही चौघंही थिजून उभे, खाली मशीनं धडधडतायत. आणि खाड! माझ्यासकट सगळे दचकले.

"जेवल्या गं बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "शेपटी मात्र शेवटी खातायत बघा, मालकीणबाई. तेवढीच तुम्ही पुसली होती ना?"